वक्र दर्शनी भागावर कर्टन वॉलचे पॅनेल पिळतात, तुटतात किंवा गायब होतात तेव्हा

कोपऱ्याचा प्लॉट, दोन रस्ते आणि मालकाला हवा गोल, काचेचा दर्शनी भाग. सोलापुरात सात रस्ता, होटगी रोड, विजापूर रोड या पट्ट्यात शोरूम असो, हॉस्पिटल असो की मंगल कार्यालय, कोपरा गोल करायचा आग्रह बहुतेक वेळा असतोच. प्लॅनमध्ये कंस काढायला दोन मिनिटं लागत नाहीत. खरा त्रास रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या कंसावर कर्टन वॉलचे (बाहेरून टांगलेल्या काचेच्या भिंतीचे) पॅनेल बसवायला घेतल्यावर सुरू होतो. काच सरळ दिसते, कडेचे पॅनेल उडून जातात, काही पॅनेल पतंगासारखे मधोमध फुली मारून उलटतात, मलियन (पॅनेलांमधले धातूचे दांडे) कोपऱ्यावर एकमेकांना भेटत नाहीत. शेड्यूलमधली (मॉडेलमधून निघणाऱ्या यादीतली) मापं तर फॅब्रिकेटरच्या टेपशी जुळतच नाहीत.

यातल्या बऱ्याच तक्रारी सॉफ्टवेअरच्या नावावर खपतात, पण मूळ भूमितीत असतं. पॅनेल कसा बनणार हे ठरायच्या आधी पृष्ठभाग काढून मोकळं झालं की पुढची सगळी दुरुस्ती उलट्या दिशेनं करावी लागते. म्हणून फॅमिली (पॅनेलचा रेव्हिटमधला साचा) उघडण्याआधी पृष्ठभाग तपासायचा. ताणा चुकला तर बाणा कितीही नीट टाका, चादरीवरची नक्षी सरळ येत नाही. यू-व्ही ग्रिडचंही, म्हणजे पृष्ठभागावरच्या आडव्या-उभ्या रेषांच्या जाळ्याचंही, तसंच आहे.

पृष्ठभाग कुठल्या जातीचा आहे

पहिला प्रकार उभ्या सिलिंडरचा. खाली-वर एकच त्रिज्या, भिंत ओळंब्यात. इथे दोन उभ्या रेषा आणि दोन आडव्या रेषा यांच्यामधला प्रत्येक पॅनेल सपाट असतो, पीळ शून्य. फक्त सपाट काच कंसाच्या आत जाते. किती आत, ते काढायचं सूत्र सोपं आहे: पॅनेलच्या रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. त्रिज्या १२ मीटर आणि पॅनेल १.५ मीटर असेल तर २३ मिमी. दोन शेजारच्या पॅनेलांमधला कोन साधारण ७.२ अंश येतो. हे दोन आकडे कागदावर आधी लिहून ठेवा, कारण ब्रॅकेटची लांबी आणि मलियनचा कोन यांवरूनच ठरतो.

या प्रकारात सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘वॉल कंसात काढली, पण काच सरळ का?’ कारण उभी ग्रिड लाइनच टाकलेली नाही. रेव्हिटचा नेहमीचा कर्टन पॅनेल सपाट असतो. तो एका ग्रिडपासून दुसऱ्या ग्रिडपर्यंत जीवेवर बसतो. मध्ये ग्रिड नसेल तर अख्ख्या कंसाला एकच जीवा. टाइप प्रॉपर्टीमध्ये उभ्या ग्रिडचं अंतर द्या, कंस दिसू लागेल. खरोखर वाकवलेली काच लावायची असेल तर पॅनेल म्हणून काचेच्या मटेरियलचा एक बेसिक वॉल टाइप निवडा. तो कंसाबरोबर वळतो. पण मॉडेलमध्ये काच वाकली म्हणून ती बाजारात त्या भावात मिळते असं नाही. बजेट बघूनच हा टाइप वापरा.

दुसरा प्रकार शंकूचा. खाली त्रिज्या १२ मीटर, वर १०.५ मीटर, मध्यबिंदू एकाच उभ्या रेषेवर. दिसायला अवघड, बनवायला सोपा. प्रत्येक पॅनेल समलंब चौकोन, तोही सपाट. तळाला १.५ मीटर रुंद असलेला गाळा (दोन उभ्या ग्रिड रेषांमधला पट्टा) माथ्याला १.३१ मीटर होतो. सहा ओळी असतील तर सहा मापं, आणि एका ओळीतले सगळे पॅनेल हुबेहूब सारखे. मालकाला ‘जरा कललेलं, वेगळं’ हवं असेल तर आधी हाच प्रकार सुचवावा.

तिसरा प्रकार घात करतो. तळाला कंस, माथ्याला सरळ रेषा किंवा वेगळ्या त्रिज्येचा, वेगळ्या मध्यबिंदूचा कंस. मासमध्ये (रेव्हिटमधल्या ढोबळ आकाराच्या मॉडेलमध्ये) दोन्ही रेषा निवडून क्रिएट फॉर्म दाबलं की गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो आणि सगळे खूश होतात. त्या पृष्ठभागावरचा जवळजवळ प्रत्येक चौकोन पिळलेला असतो. रेंडरमध्ये ते कळत नाही, कारण रेव्हिट पिळलेला पृष्ठभागही तितक्याच प्रेमानं छायांकित करून देतो.

चौथा प्रकार म्हणजे घुमटासारखी दुहेरी वक्रता. तिथे कर्टन सिस्टिम बाय फेस (पृष्ठभागावर थेट कर्टन वॉल बसवणारी आज्ञा) हिच्या वाटेला जाऊ नका; तिचे मलियन सांध्यावर नीट भेटत नाहीत. डिव्हाइड सरफेस (पृष्ठभाग ग्रिडमध्ये विभागणं) आणि पॅटर्न बेस्ड पॅनेल किंवा अडॅप्टिव्ह फॅमिली (दिलेल्या बिंदूंप्रमाणे आकार घेणारी), हाच रस्ता.

पीळ मोजा, अंदाज बांधू नका

तिसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण आकड्यांत घेऊ. तळाला १२ मीटर त्रिज्येचा कंस, सरळ रेषेत मोजलेली रुंदी ६ मीटर. माथ्याला ६ मीटरची सरळ रेषा. उंची ९ मीटर. रुंदीत चार गाळे, उंचीत सहा ओळी, म्हणजे साधारण १.५ बाय १.५ मीटरचे २४ पॅनेल.

कुठल्याही पॅनेलचे तीन कोपरे एका पटलावर धरले तर चौथा किती बाहेर पडतो, हे पिळाचं माप. मधल्या दोन गाळ्यांत ते सुमारे १६ मिमी येतं, कडेच्या दोन गाळ्यांत सुमारे ४७ मिमी. एकाच दर्शनी भागावर तिप्पट फरक! मधला एक पॅनेल तपासून ‘चालतंय’ म्हणणारा इथेच फसतो. तपासायचा पॅनेल नेहमी कडेचा.

डायनॅमोमध्ये (रेव्हिटसोबत चालणारं, नोड जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन) हे काढायला मोठं ग्राफ लागत नाही. प्रत्येक पॅनेलचे चार बिंदू एकाच फेऱ्यात घ्या. कोपरा १ ते २ आणि १ ते ३ या दोन सदिशांचा क्रॉस प्रॉडक्ट काढा, तो नॉर्मलाइज करा आणि १ ते ४ या सदिशाशी त्याचा डॉट प्रॉडक्ट घ्या. आलेला आकडा, चिन्ह सोडून, म्हणजे चौथ्या कोपऱ्याचं अंतर. तो पॅनेलच्या एखाद्या पॅरामीटरमध्ये लिहून टाका आणि व्ह्यू फिल्टर लावून रंग द्या: ५ मिमीच्या आत हिरवा, ५ ते २० पिवळा, त्यापुढे लाल. या मर्यादा फक्त नजरेला सोय म्हणून; काच किती पीळ सहन करेल हे तिची जाडी, माप आणि प्रक्रिया यांवर ठरतं आणि ते काच पुरवणाऱ्याकडून लेखी घ्यायचं असतं.

साइटवर फ्रेम उभी असेल तर दोरीनंही कळतं. फ्रेमच्या दोन्ही कर्णांवर ताणून दोऱ्या बांधा. जिथे एकमेकींना ओलांडतात तिथलं अंतर मोजा. चौकोन आयताच्या जवळ असेल तर चौथा कोपरा या अंतराच्या साधारण दुप्पट बाहेर असतो. दोऱ्यांत २३-२४ मिमी फट दिसली की समजा आपला ४७ मिमीवालाच गाळा.

पीळ सापडला, आता काय

ग्रिड बारीक करणं हा पहिला विचार मनात येतो आणि काही अंशी तो बरोबर आहे. वरच्या उदाहरणात कडेच्या गाळ्याची रुंदी निम्मी, म्हणजे ०.७५ मीटर केली की बाहेरच्या अर्ध्याचा पीळ ४७ वरून २८ मिमी होतो. उंचीही निम्मी केली तर १४. पण पॅनेल चौपट होतात आणि सांधेही वाढतात. सोलापूरच्या धुळीत आणि उन्हात प्रत्येक जादा सांधा म्हणजे सिलंटची जादा देखभाल, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

त्रिकोण करणं हा हमखास उपाय. तीन बिंदू नेहमी एका पटलावर असतात, त्यामुळे पीळ हा प्रश्नच उरत नाही. किंमत मात्र मोजा: २४ चौकोनांचे ४८ त्रिकोण, आणि प्रत्येक चौकोनात एक कर्ण म्हणजे सुमारे ५१ मीटर जादा मलियन व सांधा. शिवाय जिथे चार मलियन भेटत होते तिथे आता सहा भेटतात. त्या सांध्याचं कनेक्शन स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचं असेल तर आधी एक सांधा प्रत्यक्ष बनवून बघा, मगच पूर्ण मॉडेल त्रिकोणी करा.

सपाट पॅनेल तसाच ठेवून तो चार कोपऱ्यांच्या सरासरी पटलावर बसवणं, हा तिसरा पर्याय. डायनॅमोमध्ये प्लेन बाय बेस्ट फिट थ्रू पॉइंट्स हा नोड त्यासाठीच आहे. इथे पीळ चार कोपऱ्यांत वाटला जातो. ४७ मिमीच्या पॅनेलचा प्रत्येक कोपरा मूळ बिंदूपासून सुमारे १२ मिमी पुढे किंवा मागे. ऐकायला छान वाटतं, पण सांध्यावर काय होतं ते बघा. एकाच बिंदूवर डावीकडचा पॅनेल १२ पुढे येतो आणि उजवीकडचा १२ मागे जातो. म्हणजे शेजारच्या दोन काचांमध्ये २४ मिमीची पायरी, आणि हे ग्रिडच्या प्रत्येक छेदबिंदूवर आलटून पालटून. मधल्या गाळ्यांत हीच पायरी ८ मिमी येते. ती खोल कॅपखाली किंवा रुंद गॅस्केटमध्ये सामावता येते. २४ मिमी सामावत नाही. मिश्र उपाय बरा पडतो: मधले दोन गाळे सरासरी पटलावर सपाट काचेचे, कडेचे दोन गाळे त्रिकोणी किंवा एसीपीचे (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचे). एसीपीची पातळ शीट थोडा पीळ घेते. डबल ग्लेझिंगच्या (मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दुहेरी) काचेला तसंच वाकवलं तर कडेच्या सीलवर कायमचा ताण राहतो.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र पृष्ठभागच बदलण्याचा, आणि तो शेवटी सुचतो हे दुर्दैव. एक तुटक रेषा दुसऱ्या तुटक रेषेवरून न फिरवता सरकवली तर बनणारा प्रत्येक चौकोन समांतरभुज होतो, म्हणजे सपाटच. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांच्या घरावरचं दुहेरी वक्रतेचं काचेचं छत याच तत्त्वावर सपाट चौकोनी काचांनी बनलं आहे. आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा: प्रत्येक ओळीला तळाचा तोच कंस ठेवायचा आणि वर जाताना तो मागे सरकवायचा. माथ्याची रेषा सरळ होणार नाही, हे मालकाला स्पष्ट सांगावं लागेल. माथा कंसातच, पण लहान हवा असेल तर तोच आकार सर्व दिशांनी एकाच प्रमाणात लहान करत न्या. तेव्हाही चौकोन सपाट राहतात. फक्त कंसाची खोली कमी करत नेली की पीळ परत आला.

कडेचे पॅनेल गायब होतात किंवा बाहेर लोंबतात

डिव्हाइड सरफेस केल्यावर प्रॉपर्टीमध्ये बॉर्डर टाइल नावाची ओळ असते आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. तिचे तीन पर्याय. पार्शियल ठेवलं तर पॅनेल कडेला कापला जातो, पण त्याची फ्रेम कापलेल्या कडेवर येत नाही. रिमूव्ह ठेवलं तर अर्धवट पॅनेल निघूनच जातात, आणि ‘पॅनेल गायब’ ही तक्रार जन्माला येते. ओव्हरहँगिंग ठेवलं तर पूर्ण पॅनेल कडेबाहेर लोंबतो.

यातला कोणताही पर्याय कायमचा उपाय नव्हे. तिरपा पॅरापेट (माथ्याचा कठडा) एखाद्या चौकोनाला कापतो तेव्हा उरतो तो तीन, चार किंवा पाच कोपऱ्यांचा तुकडा. म्हणून कडेसाठी तीन वेगळ्या फॅमिली लागतात: तीन, चार आणि पाच पॉइंटांच्या. रीत अशी:

१. पृष्ठभाग निवडून सरफेस रिप्रेझेंटेशनच्या सरफेस टॅबमध्ये नोड्स (ग्रिडचे छेदबिंदू) दिसतील असं करा.

२. बॉर्डर टाइल रिमूव्हवर टाका. अर्धवट पॅनेल जाऊ द्या.

३. कडेची रेषा ग्रिडला जिथे छेदते तिथे नोड हवा असेल तर रेफरन्स प्लेन काढा आणि इंटरसेक्ट्स वापरून त्यानं पृष्ठभाग विभागा. तरीही कडेवर हवा तिथे बिंदू येत नसेल तर तिथे स्वतः रेफरन्स पॉइंट ठेवा.

४. प्रोजेक्ट ब्राउझरमधून योग्य फॅमिली ओढून आणा आणि नोडवर एकेक क्लिक करत बसवा. बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं, नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. एकदा ठरवलेला क्रम शेवटपर्यंत मोडायचा नाही.

चिंचोळे तुकडे वेगळे काढा. ज्या त्रिकोणाची लहान बाजू १५०-२०० मिमीच्या खाली येते तो बनवण्यात अर्थ नाही. तिथे पॅरापेटचा उतार किंवा ग्रिडचं जस्टिफिकेशन थोडं सरकवा, म्हणजे तुकडा शेजारच्यात जिरतो. रेव्हिटला ०.८ मिमीपेक्षा लहान रेषा काढताच येत नाही. कड नोडच्या अगदी जवळून गेली की फॅमिली त्याच कारणानं मोडते आणि येणारा संदेश भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो.

डायनॅमोवरून काम करणाऱ्यांची आणखी एक पंचाईत. पृष्ठभाग कापलेला असला तरी त्याचे यू-व्ही पॅरामीटर मूळ, न कापलेल्या पृष्ठभागावर चालतात. त्यामुळे ०..१..#७ अशी रेंज दिली की काही बिंदू कापलेल्या भागात, हवेत जाऊन बसतात. दुसरं, समान पॅरामीटर म्हणजे समान लांबी नव्हे. लॉफ्ट केलेल्या (दोन रेषांमध्ये ताणून बनवलेल्या) पृष्ठभागावर एकाच ओळीतले पॅनेल विनाकारण लहान-मोठे दिसत असतील तर कारण बहुधा हेच. तळाची आणि माथ्याची कड लांबीनुसार विभागून बिंदू काढा आणि तेच जोडा.

पॅनेल फुली मारून उलटतो, किंवा काच आतल्या बाजूला येते

फुली दिसली की डोळे मिटून क्रम तपासा. अडॅप्टिव्ह फॅमिलीला बिंदू १, २, ३, ४ असे फेऱ्यानं हवेत. ग्रिडच्या यादीतून ओळीनं बिंदू उचलले तर क्रम १, २, ४, ३ होतो आणि पॅनेल मधोमध स्वतःलाच छेदतो. प्रत्येक घरासाठी क्रम असा ठेवा: ही ओळ हा स्तंभ, ही ओळ पुढचा स्तंभ, पुढची ओळ पुढचा स्तंभ, पुढची ओळ हा स्तंभ. अडॅप्टिव्ह कंपोनंट बाय पॉइंट्स या नोडला याद्यांची यादी लागते, प्रत्येक उपयादीत चारच बिंदू. एक सपाट लांबलचक यादी दिली तर तो नोड काम करत नाही किंवा एकच विचित्र पॅनेल देतो.

काच आतल्या बाजूला आली असेल आणि पॅनेल डिव्हाइड सरफेसवरचे असतील तर पृष्ठभागाच्या प्रॉपर्टीत कंपोनंट फ्लिप्ड बदला. एकेक पॅनेल फिरवत बसू नका. तिरप्या पॅटर्नमध्ये दिशा चुकली असेल तर कंपोनंट रोटेशन बघा.

जाडी देताच सगळं मोडतं

फॅमिली एकट्यानं उघडली की छान दिसते, कारण तिचे चारही पॉइंट जमिनीवर असतात. म्हणून फॅमिलीतच एक पॉइंट ग्रिडच्या वर १५०-२०० मिमी उचलून बघा. फॉर्म टिकला तर पुढे जा. मोडला तर प्रोजेक्टमध्ये तो हमखास मोडणार, तिथे नशीब आजमावण्यात वेळ घालवू नका. त्रिकोणी पॅनेलला जाडी देणं सोपं: तिन्ही रेफरन्स लाइनींचं वेटोळं सपाटच असतं, फॉर्म त्याला लंबच निघतो. पिळलेल्या चौकोनाला मात्र पीळ सुटेपर्यंत जाडी देऊच नये. नुसता पृष्ठभाग ठेवा. फाइलही हलकी राहते.

जाडी सरळ आकाशाकडे जात असेल, म्हणजे भिंतीला लंब न जाता उभी, तर अडॅप्टिव्ह पॉइंटची ओरिएंट्स टू ही प्रॉपर्टी ग्लोबलवर आहे. पृष्ठभागावर बसणाऱ्या फॅमिलीला ती होस्टवर (ज्या पृष्ठभागावर ती बसते त्यावर) हवी. पण डायनॅमोनं हवेतल्या बिंदूंवर बसवलेल्या पॅनेलला होस्टच नसतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. जाडीची दिशा पॅनेलच्या स्वतःच्या रेफरन्स लाइनींवरूनच यायला हवी.

जाडी आली की सांधाही बदलतो. काचेची बाहेरची बाजू ग्रिडवर धरली तर आतल्या बाजूला दोन पॅनेल एकमेकांकडे झुकतात. ६+१२+६ ची, म्हणजे २४ मिमीची डबल ग्लेझिंग आणि मघाचा ७.२ अंशाचा कोन घेतला तर बाहेरचा १५ मिमी सांधा आत १२ मिमी राहतो. १०० मिमी खोलीवर हा फरक १२.५ मिमी होतो, आणि क्लॅश (दोन भाग एकमेकांत घुसणं) दिसू लागतो तो इथे. मलियनची फॅमिली सरळ बॉक्स असेल तर ती दोन पॅनेलांच्या कोनदुभाजकावर फिरवा.

शेड्यूलची मापं टेपशी जुळत नाहीत

रिपोर्टिंग पॅरामीटर (मॉडेलमधून माप वाचून देणारा) लावलेलं डायमेन्शन खरं त्रिमितीय अंतर देतंच असं नाही. ते चालू वर्क प्लेनवर पडलेलं अंतर मोजतं. पॉइंट सपाट असताना आकडा बरोबर, पॅनेल कलला की कमी. डायमेन्शन देण्याआधी वर्क प्लेन असा निवडा की दोन्ही पॉइंट त्यात असतील. मग पडताळा घ्या: कडेच्या एका पॅनेलच्या दोन बिंदूंमधलं अंतर डायनॅमोत काढा आणि शेड्यूलशी ताडून बघा. चार कडा आणि दोन कर्ण, सहाही मापं शेड्यूलमध्ये हवीत. नुसत्या चार कडांवरून चौकोनाचा आकार ठरत नाही, हे शाळेतलं ज्ञान कटिंग लिस्ट बनवताना हमखास विसरलं जातं.

मापांचे गट पाडताना प्रत्येक काच स्वतःच्या ग्रिडच्या मध्यावर धरून लहान-मोठी करा. एका टोकापासून मापं पूर्णांकात ओढत गेलात तर आठ पॅनेलांवर प्रत्येकी दीड मिमी म्हणजे शेवटी १२ मिमी, आणि शेवटची काच बसत नाही. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. काच पुण्याहून किंवा हैदराबादहून येणार असेल तर एका चुकलेल्या त्रिकोणासाठी गाडीची वाट बघत परांची उभी ठेवावी लागते.

सांध्याची रुंदी ठरवताना इथला उन्हाळा धरा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पश्चिमेकडचं गडद अॅल्युमिनियम त्याहून कितीतरी तापतं. हिवाळ्यातल्या सकाळी बसवलेल्या फ्रेममध्ये ५० अंशांचा फरक धरला तर ३ मीटरचा मलियन ३.६ मिमी वाढतो, १.५ मीटरची काच जेमतेम ०.७ मिमी. मॉडेलमध्ये मलियनला मलियन टेकवून ठेवला असेल तर शॉप ड्रॉइंगमध्येही तो टेकलेलाच जातो.

काचेची ऑर्डर देण्याआधी स्लॅब तपासा

मॉडेलमधला कंस १२ मीटर त्रिज्येचा असला तरी शटरिंग तुकड्यातुकड्यांत झालेलं असतं. ३ मीटर लांबीचं सरळ अॅल्युमिनियम सेक्शन घ्या आणि त्याचा मध्य स्लॅबच्या बाहेरच्या कडेला टेकवा. दोन्ही टोकांची फट सारखी येईपर्यंत ते हलवा, मग मोजा. १२ मीटर त्रिज्येला दोन्हीकडे ९४ मिमी यायला हवी. ८० आली तर तिथे प्रत्यक्षात त्रिज्या १४ मीटरच्या आसपास आहे. दर दीड मीटरवर आणि प्रत्येक मजल्यावर हे माप घ्या, पॅनेलच्याच नंबरनं लिहा (ओळ आधी, स्तंभ नंतर) आणि त्या बिंदूंवरून मॉडेलचा कंस पुन्हा काढा. ब्रॅकेटमध्ये ज्या दिशेला २०-२५ मिमी सरकायची सोय आहे तिथला फरक ब्रॅकेट खाऊन टाकतो; त्यापुढचा फरक निघाला तर काचेचा नव्हे, स्लॅबच्या कडेचा हिशेब आधी मिटवा.